पटावर हललेला फोटो

गेली कैक वर्षं मी साताऱ्यात लोकांना ‘हलू नका’ असं सांगून पोट भरतोय. लग्नाचे फोटो काढतो. नवरा हलतो, नवरीची करवली मध्येच डोकं घालते आणि आजोबा नेमके क्लिकच्या वेळी जांभई देतात. असल्या माणसाला चाळिशीत हललेल्या फोटोंचं वेड लागलं. बायको म्हणाली, “म्हणजे आजवर जे चुकून यायचं, ते आता मुद्दाम करणार.” यात खोटं काही नव्हतं.

वेड साधारण असं आहे. मोटारसायकल तुमच्या समोरून भरधाव जाते. शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवायचं आणि कॅमेरा तिच्याच वेगाने तिच्यासोबत फिरवायचा. जमलं, तर गाडी आणि स्वार लख्ख येतात आणि मागची झाडं, माणसं, कुंपणं यांच्या रंगीत लांब रेघा होतात. नाही जमलं, तर सगळ्या जगाच्याच रेघा होतात. याला पॅनिंग म्हणतात. ऐकायला सोपं आहे. मी तर पहिल्या आठवड्यात घरासमोरच्या रस्त्यावर फक्त रेघाच काढल्या.

मोठ्या शर्यतींच्या ठिकाणी माझ्यासारख्या लग्नवाल्याला कुंपणाच्या आत कोण घेणार? तेवढ्यात बायकोच्या मावसभावाचा, प्रमोदचा, तिरोड्याहून फोन आला. “भाऊजी, इकडंच या ना तुमी. पट झाला का त्याच रानात आमी मोटारसायकली धावडवतो. जितक्या जवळून पाहिजे तितक्या जवळून काढा. फक्त अंगावर येऊ देऊ नका.” पट म्हणजे शंकरपट, बैलांच्या जोड्यांची शर्यत. प्रमोद स्वतः या मोटारसायकलींच्या शर्यतीतला जुना गडी, पण पहिला नंबर त्याला कधी मिळालेला नव्हता. यंदा मिळवणार, आणि त्याचा फोटो जावयानेच काढायचा, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं.

आमच्याकडे गोंदिया हे गाडीच्या पाटीवर वाचायचं नाव आहे. ती गाडी शेवटी जाते तरी कुठे, हे बघायला सहसा कोणी बसत नाही. जानेवारीत मी बसलो.

नागरा

गोंदियात उतरलो तेव्हा प्रमोद स्टेशनवर हजर होता. त्याला गावात गाडीचा कसलासा सुटा भाग शोधायचा होता. म्हणून त्याने मला जवळच नागऱ्याला सोडलं. “महादेवाचं दर्शन घ्या आन् रस्त्यावर हात साफ करा. मी आलोच.” त्याचं ‘आलोच’ तिसऱ्या प्रहरापर्यंत लांबलं.

देऊळ जुनं, दगडाचं आणि आत सुरेख गार. दर्शन घेतलं, बाहेर आलो आणि रस्त्याच्या कडेला लांब लेन्स लावून उभा राहिलो. येणारी प्रत्येक दुचाकी पकडायची, कमरेतून वळत तिच्यासोबत फिरायचं आणि मध्येच बटण दाबायचं, असा सराव सुरू केला. पाय रोवलेले, कोपरं पोटाला, श्वास रोखलेला. दुरून मी कोणीतरी फार अधिकाराचा माणूस दिसत असणार, कारण थोड्याच वेळात गंमत सुरू झाली.

पहिल्या दोनचार गाड्या ठीक गेल्या. नंतरच्या गाड्या मला बघितलं की एकदम मवाळ व्हायच्या. एकाने पाठीमागच्या बाईच्या डोक्यावर रिकामी स्टीलची बादली ठेवली. एका तरुणाने गाडी बंद केली, खाली उतरला आणि ती हाताने ढकलत माझ्या समोरून नेली. जाताना हात जोडून म्हणाला, “साहब, हेल्मेट घर पे है, सच्ची. माँ कसम, आज ही भूला.” पुढे गेल्यावर त्याने गाडी चालू केली आणि मग समोरून येणाऱ्या प्रत्येकाला हाताने खुणा करत गेला.

देवळाबाहेर बेलफुलं विकणारी एक बाई हे सगळं बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

“कोन हावा तुमी, भाऊ? पोलीस?”

“नाही हो. हौस आहे, म्हणून काढतोय.”

“हौस?” तिने कपाळाला हात लावला. “लोकाईचे चालान फाडाची हौस? अशी कशी हौस, बाप्पा!”

मी तिला सगळं समजावून सांगितलं. वेग, रेघा, शटर. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मंग काऊन उभे हावा इथं? तुमच्यानं तं सारा रस्ता हळू झाला.” ते खरंच होतं. पॅनिंगला वेग लागतो आणि मी उभा राहिल्यापासून नागऱ्याच्या रस्त्यावरचा वेग संपला होता. माझ्या समोरून बेधडक गेला तो एकटा सायकलवाला म्हातारा. त्याला हेल्मेटची फिकीर नव्हती. चष्मा, मिशा, हँडलला लटकवलेली पिशवी, सगळं लख्ख आलं आणि मागे बेलफुलवालीच्या साडीची एक हिरवी लांब रेघ. माझा जमलेला पहिला पॅनिंग फोटो हा असा विनाइंजिनाचा आहे.

तिरोडा

तिरोड्यात मावशींच्या घरी पाय ठेवल्यापासून मी ‘जवाईबापू’ झालो. आमच्याकडे जावयाला मान देतात तो जरा जपून देतात, मनात हिशेब ठेवून. इथे तो ताटात वाढतात. सकाळी तांदळाचे आयते, म्हणजे तांदळाच्या पिठाची लुसलुशीत पातळ धिरडी, दुपारी लाखोळीच्या डाळीचे वडे, आणि या दोन्हींच्या मध्ये ‘काही खाल्लं नाही बाप्पा यायनं’ म्हणून आणखी काहीतरी. पण मान म्हणजे तोंडावर गोड बोलणं, हा आमच्याकडचा समज इथे चालत नाही. साताऱ्यात एखाद्याला माझा फोटो आवडला नाही तर तो म्हणतो, “छान आहे, जरा वेगळा आहे.” मावशींनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, “बेकार हाये.”

त्यांचं चुकत नव्हतं. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही गावाबाहेर कापणी झालेल्या धानाच्या बांधीत सराव केला होता. बांधी म्हणजे बांध घातलेला धानाचा चौकोन. पार्श्वभूमीला दूर वीजकेंद्राच्या उंच चिमण्या. प्रमोद सायलेन्सर काढलेल्या गाडीवरून असा सुटायचा की बगळ्यांनी ती बांधी कायमची सोडली असावी. मी त्याच्यासोबत वळायचो, पण वेग काही जुळेना. कधी मी पुढे, कधी तो. एका फोटोत चिमण्या इतक्या स्पष्ट आल्या की वरचे लाल पट्टे मोजावेत आणि प्रमोदच्या जागी नुसता धूर. दुसऱ्यात गाडीचं मागचं चाक लख्ख आणि बाकी प्रमोद हवेत विरघळलेला.

मग चौकटीचे प्रयोग सुरू झाले. स्वाराला मधोमध ठेवलं तर तो फोटो पासपोर्टचा वाटतो. म्हणून मी त्याला एका कडेला ठेवलं आणि पुढे मोकळी जागा सोडली, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की तो त्या जागेत शिरतोय. या फोटोवर मी खूश होतो. तो मी मावशींना दाखवला.

“इतकी जागा रिकामी कायले सोडली?”

“मावशी, तो तिकडे जाणार आहे ना.”

“अजून गेला नाही ना पन? तवरीक मले उभं केलं असतं तिथं.”

प्रमोद हसून लोळला. मग जेवताना तो एकदम गंभीर झाला आणि त्याने मला ती गोष्ट सांगितली, जिच्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसलो आहे. “भाऊजी, यंदा माह्यासमोर एकच गाडी हाये. चिचगडची पोरगी, छाया. जंगलातल्या गावोगाव गाडीवरून फिरते, मोहफुलं, चिंच, लाख आनते आन् बाजारात पोचवते. तिच्यासारखी गाडी कोनी नाही हाकलत. मागच्या साली तिनं तिघायले मागं टाकलं.”

“मग तिचा कितवा नंबर आला?”

“नंबर कुठला? बाई म्हनून तिले प्रदर्शनीत टाकलं. धावली ते, पन गिनली नाही.” ताटातला वडा मोडत तो म्हणाला, “यंदा बी तसंच करतीन ते लोक.”

पट

पट होता चिचगडच्या अलीकडच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या मंडळाने मला पुढच्या वेळी जेवायला बोलावलं आहे आणि मला ते जेवण बुडवायचं नाही. दोन्ही बाजूंनी जंगल, मध्ये लांबलचक सपाट केलेलं रान, आणि सरळ दोन धावपट्ट्या. शेवटाला चुन्याची जाड पांढरी रेघ. तिच्या दोन टोकांना हातात झेंडी घेतलेले दोन पंच. बांधांवर माणसंच माणसं, आणि बायका तर आपापल्या गावाचे गट करून बसलेल्या. थंडी इतकी की लोक उन्हाबरोबर सरकत होते.

आधी बैल धावले. एका जोडीच्या मालकाने माझा कॅमेरा बघितला आणि स्वतःहून मोबाईल काढून माझ्या नाकासमोर धरला. त्यावर एक तपकिरी सारवण होतं.

“माही जोडी. आजवर कोनाच्या मोबाईलमंदी दिसली नाही. पाहा, बैलच नाही दिसून राहिले. इतके पळते!” मग त्याने शेजाऱ्याच्या जोडीचा फोटो काढून दाखवला. दोन्ही बैल शिंगांसकट स्पष्ट. तो दया आल्यासारखा म्हणाला, “हे पाहा. उभे हायेत.”

इथल्या पटवाल्यांमध्ये हा हिशेब सगळ्यांना मान्य आहे. जो फोटोत दिसतो तो सावकाश, जो दिसत नाही तो वाघ. माझ्या तीन दिवसांच्या नासक्या फोटोंना इतका समजदार समाज दुसरीकडे मिळाला नसता, हे मला तिथेच कळलं.

दुपारी मोटारसायकली आल्या. दोन-दोन गाड्या धावणार, हरेल तो बाद. माईक मंडळाच्या अध्यक्षांच्या हातात होता आणि सकाळपासून त्यांनी तो पाणी पिण्यासाठीसुद्धा खाली ठेवला नव्हता. त्यांनी नावं पुकारली आणि शेवटी म्हणाले, “आन् प्रदर्शनी म्हनून, चिचगडची छाया!”

छाया गाडी घेऊन तिथेच उभी होती. पंचविशीची, अंगात भावाचा वाटावा असा ढगळ निळा-नारिंगी शर्ट, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. ती सरळ त्यांच्यापाशी गेली. “बाबा, प्रदर्शनी म्हनू नका. साऱ्यायसारखं नाव देल्लं मी.”

“आधी धाव तं खरी, बेटा. मंग पाहू.”

ती परत येऊन माझ्या शेजारी थांबली. मी आपलं विचारलं, एवढं काय त्या शब्दाचं? ती माझ्याकडे न बघता बोलली. “माही माय आली हाये पाहाले. तिकडं मागं, आंब्याखाली बसली हाये, तिले दुरून दिसत नाही. मागच्या साली बी आलती. घरी गेल्यावर इचारते, ‘कितवा नंबर आला व?’ काय सांगू तिले? प्रदर्शनी?”

त्या दिवशी तिने एकेक गडी मागे टाकला, आणि शेवटी उरले दोघे, प्रमोद आणि छाया.

मी चुन्याच्या रेघेसमोर बांधावर जागा धरली. पलीकडच्या बांधावर बायकांच्या रंगीबेरंगी लुगड्यांची रांग होती, तिच्या रेघा काय सुंदर येतील या विचाराने मी हावरट झालो होतो. दोन गाड्या एकदम येणार, पण एक पट्टी जवळची आणि एक लांबची, म्हणून कॅमेरा जुळणार एकीच्याच वेगाशी. मी साळ्यासोबत फिरलो. नातं होतं, शिवाय मावशींचे वडे पोटात होते. इंजिनं कानठळ्या बसवत आली, मी वळलो आणि ऐन रेघेवर बटण दाबलं.

आणि दोन्ही पंचांनी आपापल्या बाजूची झेंडी एकाच वेळी वर केली.

मग जो गलका झाला तो सांगता येणार नाही. इकडचे म्हणत प्रमोद, तिकडचे म्हणत छाया. तेवढ्यात तिरोड्याचं कोणीतरी ओरडलं, “जवाईबापूचा फोटू पाहा ना! थे रेघेवरच उभे होते!” माझ्या गळ्यातून कॅमेरा कधी निघाला ते मला कळलंच नाही. अध्यक्षांनी, पंचांनी, बैलवाल्याने आणि पुढे वाकून निम्म्या रानाने फोटो बघितला.

खरं सांगतो, फोटो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला होता. प्रमोदच्या शर्टाचं तुटलेलं बटणसुद्धा दिसत होतं. त्याच्या शेजारी छाया म्हणजे निळ्या-नारिंगी रंगाचा एक फराटा. मागच्या लुगड्यांच्या रेघा. आणि चुन्याची रेघ? ती पसरून पांढरट धुकं झाली होती, फोटोच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोण कुठे पोचलं ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

बैलवाल्याला मात्र लगेच सांगता आलं. “यात पाहाचं काय? ह्या पोरगा साफ दिसून राहिला, म्हंजे उभा हाये. पोरगी दिसूनच नाही राहिली. गेली थे!”

“होय ना बाप्पा,” पंच म्हणाले. आपापसात भांडणारे दोन्ही पंच पहिल्यांदाच एकमताने बोलले. सगळं रान मान हलवायला लागलं.

“भाऊजी,” प्रमोद कळवळून म्हणाला, “सांगा ना यायले काही!”

मला सांगता आलं असतं. कॅमेरा त्याच्यासोबत फिरला म्हणून तो दिसतो. तिच्यासोबत फिरला असता तर ती दिसली असती आणि त्याचा फराटा झाला असता. पण मी बोललो नाही. थोडी गंमत वाटत होती, आणि थोडं असंही वाटलं की पोरीला मिळतंय तर मिळू दे, माझ्या विद्येने एकदा तरी कोणाचं भलं होतंय. शिवाय बोललो असतो तर जावयाने सासरची बाजू घेतली असंच सगळे म्हणाले असते.

छाया गर्दीतून वाट काढत आली. तिने कॅमेरा माझ्या हातात परत दिला. “भाऊ, खरं सांगा. यात मी पुढं हाओ का?”

तिच्या भुवयांवर धूळ बसली होती. मला खोटं बोलवेना. “कळत नाही,” मी म्हणालो. “मी त्याच्यासोबत फिरलो म्हणून तो दिसतो. यावरून काहीच कळत नाही.”

एवढं बोलून मला फार वाईट वाटलं. हातात आलेला नंबर मी तिच्या हातून काढून घेतला होता. ती वळून मोठ्याने म्हणाली, “मंग पुन्हा धावू. असा नंबर नाही पाहिजे मले.”

प्रमोदने उत्तर द्यायच्या आधी गाडीला किक मारली.

या वेळी अध्यक्षांनी मला चुन्याच्या रेघेच्या टोकाला उभं केलं आणि माईकवरून सांगितलं, “आता हलू नका, जवाईबापू!” सगळं रान खदखदून हसलं. मी शटर जितकं जलद जाईल तितकं जलद केलं, रेघ बरोबर चौकटीच्या मध्ये घेतली आणि श्वास धरून बसलो. ना रेघा, ना लुगडी, ना मोकळी जागा. समोर फक्त माती आणि चुना. डावीकडून आवाज वाढत वाढत आला, दोन चाकं चौकटीत शिरली आणि मी बटण दाबलं.

असा रूक्ष फोटो मी कोणाच्या बारशालाही काढलेला नाही. कोणाचं डोकं नाही, हात नाही, फक्त चाकं. पण छायाचं पुढचं चाक रेघ ओलांडून गेलेलं होतं आणि प्रमोदचं रेघेच्या अलीकडे होतं. चाकाखालून उडालेला चुना सुद्धा दिसत होता.

अध्यक्षांनी तो बराच वेळ बघितला. मग माईक तोंडाशी नेला. “फोटू साफ हाये. चिचगडची पोरगी पुढं हाये.” बांधावरच्या बायका ओरडायला लागल्या. अध्यक्षांनी हात वर करून त्यांना थांबवलं. “तं प्रदर्शनी म्हनून तिचं मंडळाकडून हार्दिक अभिनंदन. आन् स्पर्धेचा पहिला नंबर जाते तिरोड्याच्या प्रमोदले!”

मी प्रमोदकडे बघितलं. इतकी वर्षं हवा असलेला नंबर त्याच्या पुढ्यात ठेवला होता, फक्त उचलायचा बाकी होता. तो उचलेल, अशी मला धास्ती वाटली. घरी त्याच्यासोबत कोणत्या तोंडाने जेवायला बसू, इथपर्यंत माझा विचार गेला.

प्रमोद गाडी आडवी टाकून गेला आणि सकाळपासून कोणाला जमलं नव्हतं ते त्याने केलं. अध्यक्षांच्या हातून माईक घेतला.

“बाबा, मी हारलो. साऱ्या रानानं पाह्यलं, मी हारलो. एकडाव बराबरी झाली, दुसऱ्या डावात पुरी गाडी तानून हारलो. आन् तुमी म्हनता थे प्रदर्शनी होती? मंग मी काय प्रदर्शनीत हारलो का?” त्याने छायाकडे हात केला. “फायनल हारलो मी. ज्यानं फायनल मारली त्याचं नाव घ्या. तिचा नंबर नाही, तं माहा बी कोनता नंबर नाही.”

माईक त्यांच्या हातात परत देऊन तो बाजूला उभा राहिला. माझा साळा बढाईखोर आहे, उधळ्या आहे, ‘आलोच’ म्हणून तासन्‌तास येत नाही. मला त्या वेळी त्याचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले.

“प्रदर्शनी कायले?” बांधावरून एक बाई ओरडली. मग दुसरी, मग सगळ्याच. बैलवाला तर टोपी काढून नाचत होता.

अध्यक्षांनी एकदा पंचांकडे बघितलं. पंच चुन्याच्या रेघेकडे बघत होते. मग अध्यक्ष हळू, माईक न वापरल्यासारखे बोलले, “पहिला नंबर, छाया मडावी, मुक्काम चिचगड.”

छाया त्यांच्या समोरच उभी होती. ती हलली नाही.

“बाबा, अजून एकडाव सांगा,” ती म्हणाली. “जोरानं सांगा. माय मागं बसली हाये, तिले ऐकू नाही गेलं.”

अध्यक्षांनी घसा साफ केला, तोंड आंब्याच्या झाडाकडे वळवलं आणि पुन्हा सांगितलं.